वणव्याचा धूर की उडालेली धूळ? उपग्रहचित्र वाचायला मदत हवी आहे

आभाळवाचक | शनिवार, सकाळी ८.४०

गेले तीन दिवस सूर्य उगवताना आणि मावळताना तांब्याच्या तबकासारखा दिसतोय. दुपारी आभाळाला मातकट, दुधाळ रंग असतो. वास मात्र कसलाच नाही. घरातलं हवा मोजायचं छोटं यंत्र पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा, आकडा नेहमीसारखाच दाखवतंय. शेजारचे म्हणतात वाळवंटातली धूळ आहे, माझा मुलगा म्हणतो लांबच्या वणव्याचा धूर आहे.

म्हणून काल रात्री उपग्रहचित्रं उघडून बसलो आणि जास्तच गोंधळलो.

१. भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांत सकाळी आमच्या भागावर जवळपास काहीच नाही. संध्याकाळी त्याच जागी भलामोठा करडा पडदा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गायब, संध्याकाळी पुन्हा हजर. धूर रोज येतो आणि जातो, असं असू शकतं का?

२. 'डस्ट' नावाचं एक गुलाबी-निळं चित्र असतं, त्यात हा पडदा दिसतच नाही.

३. वाऱ्याच्या दिशेने मागे मागे गेलं की सुमारे दोन हजार किलोमीटरवर, आगी दाखवणाऱ्या नकाशात, लाल ठिपक्यांची रांग लागते. पण इतक्या लांबून धूर इथे पोचेल का?

जाणकारांनी कृपया सांगावं. मला नुसतं उत्तर नको आहे, बघायचं कसं तेही शिकायचं आहे.

दूरसंवेदी | शनिवार, सकाळी १०.०५

प्रश्न फार चांगले विचारलेत. सगळं एका प्रतिसादात मावणार नाही, पहिल्यापासून सुरू करतो.

बंद खोलीत फटीतून कवडसा येतो तेव्हा त्यातले कण चमकताना दिसतात. पण कधी? आपण उजेडाच्या समोर तोंड करून असलो तर. उजेड आपल्या पाठीमागून आला तर तेच कण दिसेनासे होतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे असले की ते बराचसा प्रकाश पुढच्या दिशेला विखुरतात, मागे फार थोडा परत येतो. धूर आणि धूळ दोन्हींचं असंच आहे.

आता तुमचा उपग्रह. तुमच्या वर्णनावरून तो तुमच्या पूर्वेला असणार. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एकाच रेखांशावर असतो, जागा बदलत नाही. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला, मधे तुमच्या डोक्यावरचा धूर आणि पलीकडे पूर्वेला उपग्रह. म्हणजे उपग्रह कवडशाच्या समोर बसलाय, त्याला पडदा लख्ख दिसतो. सकाळी सूर्य उपग्रहाच्याच बाजूला असतो, म्हणून पडदा विरल्यासारखा वाटतो. धूर कुठेही गेलेला नाही, बदलला तो कोन. अमेरिकेच्या पश्चिम भागातला धूर तिथल्या दोन भूस्थिर उपग्रहांपैकी 'गोज ईस्ट'च्या चित्रांत संध्याकाळी आणि 'गोज वेस्ट'च्या चित्रांत सकाळी उठून दिसतो तो याच कारणाने.

दुपारचं एकच चित्र बघून 'धूर नाही' असं ठरवणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. निदान सूर्योदयानंतरचा तास आणि सूर्यास्ताआधीचा तास, दोन्ही बघा. आणि स्थिर चित्रावर कधीच थांबू नका, लूप, म्हणजे लागोपाठच्या चित्रांची मालिका, चालवा. आजचे भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या दिसणाऱ्या संपूर्ण चकतीचं चित्र दर १० मिनिटांनी देतात. ढग फुटतात, जुळतात, एका जागी जन्मून तिथेच विरतात. धुराचा पडदा मात्र आपला पोत न बदलता सरकत राहतो आणि खालची जमीन त्यातून अंधूक दिसत राहते. ही सरकण्याची चाल एकदा डोळ्यांत बसली की रंगावर फार विसंबावं लागत नाही.

गुलाबी चित्राबद्दल दुपारी लिहितो.

वारकूस | शनिवार, सकाळी ११.२०

लाल ठिपक्यांबद्दल मी लिहितो, त्यावरून मी एकदा चांगलाच घाबरलो होतो.

नासाच्या 'फर्म्स' नकाशावरचा ठिपका म्हणजे आगीची नेमकी जागा नव्हे. उपग्रहाला ज्या चौकोनात उष्णता जाणवली त्या चौकोनाचा तो मध्यबिंदू. मोडिस आणि व्हिअर्स ही उपग्रहांवरची उपकरणं. मोडिसचा चौकोन १ किलोमीटरचा, व्हिअर्सचा ३७५ मीटरचा, आणि चित्राच्या कडेला तो आणखी पसरतो. आग त्या चौकोनात कुठेही असू शकते. शिवाय तेलविहिरीवरची जळती वायुज्योत, ज्वालामुखी, पोलादाची भट्टी, पाण्यावरून किंवा चकचकीत छपरावरून उसळलेलं ऊन, यांचेही ठिपके उमटतात. मी ज्याला वणवा समजून रात्रभर जागलो तो ठिपका वर्षभर रोज त्याच जागी होता. तिथे वायुज्योत जळत होती.

ठिपका दिसला की दोन गोष्टी बघायच्या. तो काल-परवा होता का, आणि त्याच्यापासून वाऱ्याच्या दिशेने धुराची शेपटी निघते का. शेपटी असेल तर आगच.

उलट बाजूही आहे. ठिपका नाही म्हणजे आग नाही असं नसतं. ढगाखालची आग दिसत नाही. ध्रुवीय कक्षेतले उपग्रह एका जागेवरून दिवसातून ठरावीक वेळीच जातात. व्हिअर्स असलेले उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास. चारला पेटून सातला विझलेली आग त्यांच्या नजरेतून निसटते.

दूरसंवेदी | शनिवार, दुपारी २.३०

आधी एक पुरवणी. आग ओळखायला ३.९ मायक्रॉन तरंगलांबीचा पट्टा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) का वापरतात, हे कळलं की बाकीचं सोपं होतं. नेहमीच्या तापमानाची जमीन सर्वांत जास्त ऊर्जा १० मायक्रॉनच्या आसपास बाहेर टाकते. हजार केल्विनची (सुमारे सातशे अंश सेल्सिअसची) ज्वाळा टाकते ३ मायक्रॉनच्या आसपास. त्यामुळे चौकोनाचा अगदी थोडा भाग पेटलेला असला तरी ३.९ मध्ये त्या चौकोनाचं तापमान उसळी घेतं आणि ११ मायक्रॉनमध्ये फारसं हलत नाही. दोन्हींतला फरक म्हणजे आगीची खूण. धुराचे कण या तरंगलांबीपुढे इतके बारीक असतात की ज्वाळेची ऊर्जा धुरातून आरपार येते. म्हणून दाट धुराखालचीही आग दिसते.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात. अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या, पट्ट्यातल्या १०-१२ मायक्रॉनच्या लहरींना ते अडवतच नाहीत. त्यामुळे अवरक्त चित्रात धूर जवळपास नसल्यासारखाच. धुळीचे कण मोठे आणि खनिजांचे. त्यांतली सिलिकेटं (वाळू-मातीतली खनिजं) १०.८ मायक्रॉनच्या आसपास जास्त ऊर्जा शोषतात, १२ च्या आसपास कमी. बर्फकणांच्या ढगात हे उलटं असतं.

गुलाबी चित्र म्हणजे या तरंगलांबींवर मोजलेल्या तापमानांतल्या फरकांना दिलेले रंग. लाल रंगाला १२ उणे १०.८, हिरव्याला १०.८ उणे ८.७, निळ्याला १०.८ चं तापमान. धुळीत लाल वाढतो, हिरवा पडतो, दिवसा खालची जमीन तापलेली असल्याने निळाही भरपूर, आणि लाल अधिक निळा म्हणजे किरमिजी गुलाबी. दाट उंच ढग तांबूस तपकिरी दिसतात, विरळ उंच ढग काळपट. युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहांसाठी बसवलेली ही कृती आता अमेरिकेचे गोज, जपानचे हिमावारी सगळ्यांवर थोड्या फरकाने चालते. रात्री ऊन नसतानाही चालते, हा तिचा सर्वांत मोठा फायदा.

तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या रंगात पडदा आहे आणि गुलाबी चित्रात काहीच नाही, तर पारडं धुराकडे झुकतं.

मातीचा_कण | शनिवार, दुपारी ३.५५

झुकतं हे मान्य, पण एवढ्यावर धूळ बाद करू नका. मी मृदाशास्त्रातला आहे आणि ही घाई वारंवार बघतो.

हवेत बाष्प भरपूर असलं की तेच १०.८ आणि १२ यांच्यातला फरक उलट दिशेला ओढतं, आणि विरळ धूळ झाकली जाते. धूळ जमिनीलगत असेल, तिचं आणि जमिनीचं तापमान सारखंच असेल, तरी ती उठून दिसत नाही. ढगाखालची धूळ तर दिसणारच नाही, आणि धूळ उठवणारे वारे बरेचदा ढग घेऊनच येतात. गडगडाटी ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते आणि धुळीची भिंत उभी करते, ज्याला अरबीवरून 'हबूब' म्हणतात. वरून बघणाऱ्याला त्या ढगाची छत्रीच दिसते, भिंत छत्रीखाली राहते.

आणखी एक. आभाळवाचक, तुमच्या यंत्राचा आकडा धुळीच्या बाबतीत पुरावा म्हणून धरू नका. घरगुती लेझर सेन्सर बारीक कण बरे मोजतात, जाड धुळीला फार कमी लेखतात. बाहेर धुळीने समोरचं दिसत नसताना त्यावर साधारण आकडा असू शकतो. धुरात उलटं, तिथे ते बरेचदा जास्त दाखवतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला असल्या सेन्सरांच्या आकड्यांसाठी दुरुस्तीचं सूत्र काढावं लागलं, ते यामुळेच.

निळी_शाई | शनिवार, संध्याकाळी ५.१०

मी या विषयातली नाही, पण माझ्या मुलीला दमा आहे म्हणून वाचते आहे. मला एवढंच सांगा, उपग्रहाच्या चित्रात आमच्या डोक्यावर धूर दिसला तर तिला घराबाहेर सोडू का नको? मागे एकदा चित्रात दाट धूर होता, मी तिला दोन दिवस घरात ठेवलं आणि हवा अगदी स्वच्छ निघाली. नंतर एकदा चित्रात विशेष काही नव्हतं म्हणून खेळायला पाठवलं, तर रात्री धाप लागली.

दूरसंवेदी | शनिवार, संध्याकाळी ६.४५

ताई, तुमचे दोन्ही अनुभव या विषयाच्या गाभ्याचे आहेत.

उपग्रह वरून बघतो. त्याला जमिनीपासून वातावरणाच्या टोकापर्यंतचा सगळा धूर एकावर एक रचलेला दिसतो. तो नाकाशी आहे की पाच किलोमीटर वर, हे साध्या चित्रावरून कळत नाही. ७ जून २०२३ ला कॅनडातल्या क्युबेकचा धूर न्यूयॉर्कमध्ये जमिनीपर्यंत उतरला होता, आभाळ नारिंगी झालं, लोकांना श्वास घेणं अवघड झालं. त्याच महिन्याच्या शेवटी कॅनडाचा धूर अटलांटिक ओलांडून युरोपवर पोचला, पण उंचावरून. तिथे मुख्यतः आभाळ धुरकट आणि सूर्यास्त लाल दिसला. चित्रात दोन्हीकडे पडदाच.

उपग्रहांवरून 'एरोसॉल ऑप्टिकल डेप्थ' काढतात, म्हणजे सगळा थर मिळून किती प्रकाश अडवतो ते. त्याचा थेट पीएम २.५ करून देणारे नकाशे बरेच फिरतात. थर किती उंच, हवा किती दमट (कण ओलाव्याने फुगतात), कण कसले, हे माहीत नसेल तर त्या आकड्यावर मुलीचा दिवस ठरवू नका.

तुमच्यासाठी क्रम असा: आत्ता बाहेर सोडायचं का, हे जवळच्या जमिनीवरच्या मापनकेंद्राच्या पीएम २.५ आणि पीएम १० (यात जाडसर कणही येतात) वरून. उद्या काय होईल, हे उपग्रहाच्या लूपवरून आणि धुराच्या अंदाज-नकाशांवरून. आणि डॉक्टरांनी औषधाबद्दल जे सांगितलंय ते या सगळ्याच्या आधी.

वारकूस | शनिवार, संध्याकाळी ७.३०

दूरसंवेदींच्या म्हणण्यात भर. मी पॅराग्लायडिंग करतो, त्यामुळे हवेचे थर रोज बघावे लागतात. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार हवेच्या झाकणाखाली अडकते. जवळपास आग असेल तर तिचा धूर दरीत, सखल भागात रात्रभर साचतो. वरून तो पातळसाच दिसतो, अंधारात तर दिसतच नाही. ताईंच्या मुलीला रात्री धाप लागली त्यामागे असं काही असू शकेल.

दुपारी उलटा प्रकार. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा उकळत्या पाण्यासारखी वरखाली होते, आणि हा घुसळणारा थर वाढत वाढत वर तरंगणाऱ्या धुरापर्यंत पोचला की तो धूर खाली ओढला जातो. सकाळी आकडा चांगला होता म्हणून दुपारीही असेलच असं नाही. वर धूर आहे हे चित्रावरून माहीत असेल तर दुपारी आकडा पुन्हा बघायचा.

भूगोलाचा_तास | रविवार, सकाळी ७.५०

सुंदर धागा. शाळेत शिकवतो, म्हणून एक विचारतो. उंची कळत नाही म्हणता, मग सहाराची धूळ अ‍ॅमेझॉनवर किती पडते याचे आकडे कसे काढले?

मातीचा_कण | रविवार, सकाळी ९.१५

सर, लायडरने. २००६ ते २०२३ 'कॅलिप्सो' नावाचा उपग्रह खाली लेझर सोडायचा आणि परत आलेल्या उजेडाच्या वेळेवरून थर कोणत्या उंचीवर आहे ते मोजायचा. आता २०२४ साली सोडलेल्या 'अर्थकेअर'वर तसं उपकरण आहे. लायडर धूळ आणि धूरही वेगळे ओळखतं. धुळीचे कण वेडेवाकडे, कोनांचे असतात आणि परतणाऱ्या लेझरचं ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची ठरावीक दिशा) बिघडवतात, धुराचे बहुधा गोलसर कण ते फारसं बिघडवत नाहीत. एक मर्यादा आहे: लायडरला कक्षेखालची सुईएवढी बारीक रेघच दिसते. तुमच्या गावावरून ती रेघ नेमकी त्या दिवशी जाईलच असं नाही.

कॅलिप्सोच्या २००७ ते २०१३ च्या मोजमापांवरून अ‍ॅमेझॉन खोऱ्यात वर्षाला सरासरी पावणेतीन कोटी टनांच्या आसपास धूळ उतरते असा हिशेब निघाला. त्यात झाडांना लागणारा फॉस्फरस सुमारे २२,००० टन. पाऊस आणि पूर तिथल्या मातीतून जेवढा फॉस्फरस वाहून नेतात, साधारण तेवढाच.

त्या धुळीत चाडमधल्या बोडेले खळग्याचा वाटा फार मोठा मानतात, आणि मुलांना दाखवायला त्यासारखं चित्र नाही. तिबेस्ती आणि एनेदी या दोन पहाडांच्या मधून वारा चिंचोळा होऊन सुसाट निघतो आणि आटलेल्या प्राचीन तळ्याच्या तळावर आदळतो. तो तळ डायटम या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांचा आहे, म्हणून धूळ पांढरट निघते. मोडिसच्या चित्रात ती एका जागेवरून पंख्यासारखी पसरताना दिसते.

माझ्या लेखी धुळीचं चित्र बघण्याचं खरं महत्त्व इथे आहे. धूळ आली हे सगळ्यांना दिसतं. ती कुठून उठली ते फक्त लूप मागे नेल्यावर दिसतं, आणि बहुतेक वेळा ते सगळं वाळवंट नसतं, काही मोजके ठिपके असतात. आटलेलं तळं, नदीचं सुकलेलं मुख, नुकतंच नांगरलेलं कोरडं रान. मध्य आशियातल्या अरल समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी १९६० नंतर कापसाकडे वळवलं, तळ उघडा पडला आणि आज तिथून मीठ मिसळलेली धूळ उठते. १ मे २०२३ ला अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये शेतांतून उठलेल्या मातीने महामार्गावर ७० हून अधिक वाहनं एकमेकांवर आदळली, माणसं गेली. तिथे वाळवंट नव्हतं, शेतं होती. उगमाच्या जागा नकाशावर आल्या तर तिथे ओलावा, झुडपं, पिकांचे खुंट राखणं असं काही करता येतं. ती जागा कळल्याशिवाय नुसती हळहळ व्यक्त करण्यात काही अर्थ नाही, असं मला मनापासून वाटतं.

आभाळवाचक | रविवार, दुपारी १२.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनपर्यंत बसून लूप चालवली. पडदा खरंच पोत न बदलता सरकतोय. आता तिसरा प्रश्न, दोन हजार किलोमीटर. आणि ढगांच्या वरून तो गेलाय का हे कळायचा मार्ग आहे का? मधल्या पट्ट्यात दाट ढग होते, तिथे माझा माग तुटला.

दूरसंवेदी | रविवार, दुपारी ३.००

दोन हजार काहीच नाही. २०१९ च्या डिसेंबरअखेर आणि २०२० च्या जानेवारीच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या आगी इतक्या भडकल्या की त्यांनी स्वतःचे गडगडाटी ढग तयार केले. त्या ढगांनी धूर थेट स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्याही वरच्या थरात, फेकला. काळा धूर ऊन शोषतो, तापतो आणि स्वतःच आणखी वर चढतो. त्यातला एक सुमारे हजार किलोमीटर रुंदीचा भोवरा पुढच्या आठवड्यांत ३० किलोमीटरच्याही वर गेला. धुराने पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. एवढं मोठं काही नसलं तरी दोन-तीन किलोमीटर उंचीवर पोचलेला धूर दोन-तीन दिवसांत तुमच्यापर्यंत सहज येतो.

ढगांवरून माग काढायचा तर अतिनील एरोसॉल निर्देशांक बघा (एरोसॉल म्हणजे हवेतले बारीक कण; उन्हाच्या तीव्रतेचा निर्देशांक वेगळा). स्वच्छ हवा अतिनील किरण भरपूर विखुरते, धूर आणि धूळ त्यातले काही गिळतात. ही तूट पांढऱ्या ढगावर, बर्फावर, फटफटीत वाळवंटावरही मोजता येते. थर जितका उंच तितकी खूण ठळक, जमिनीलगतचा धूर मात्र यात निसटतो. १९७८ च्या 'टॉम्स' उपकरणापासून ही नोंद आहे, आज २०१७ साली गेलेल्या सेंटिनेल-५पी वरचं 'ट्रोपोमी' ती रोज देतं.

हा निर्देशांक धूर आणि धूळ यांत भेद करत नाही. भेद करायला त्याच ट्रोपोमीचा कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा शेजारी ठेवा. जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि आठवडेच्या आठवडे टिकतो. धुळीत तो वाढत नाही. दोन्ही नकाशांत एकच पट्टा दिसला तर धूर.

आभाळवाचक | रविवार, रात्री ९.४५

बघितलं. अतिनील निर्देशांकाचा पट्टा ढगांवरून सलग जातो आणि थेट त्या लाल ठिपक्यांपाशी पोचतो. कार्बन मोनॉक्साइडचा नकाशाही तसाच, थोडा पसरट. ठिपके तीन दिवस जुने आहेत, रोज पुढे सरकलेत आणि प्रत्येकाला धुराची शेपटी आहे. गुलाबी चित्र दिवसाचं आणि रात्रीचं, दोन्ही पुन्हा बघितली, कुठेच किरमिजी नाही. सरकारी मापनकेंद्राचे पीएम १० आणि पीएम २.५ दोन्ही साधारण आहेत.

म्हणजे धूर, आणि सध्या उंचावरचा. मुलाचं म्हणणं बरोबर निघालं. मातीचा_कण, आपण अडवलं नसतं तर मी घरच्या यंत्रावरच विसंबून राहिलो असतो.

निळी_शाई | सोमवार, सकाळी ७.२०

आभाळवाचक, सकाळचा आकडा साधारण असला तरी दुपारी पुन्हा बघा, वारकूस यांनी सांगितलंय तसं. मी आता तसंच करते. काल सकाळी मुलगी तासभर खेळली, दुपारी आकडा चढायला लागला तेव्हा आत बोलावलं. रात्र शांत गेली.

आभाळवाचक | सोमवार, दुपारी ४.१०

ताई, तुमचं ऐकलं ते बरं झालं. दोन वाजता केंद्राचा पीएम २.५ सकाळच्या जवळपास तिप्पट होता, आणि आज पहिल्यांदाच हलका जळका वास येतोय. खिडक्या लावून घेतल्या. एक शेवटचं विचारतो. रात्री हा धूर सरकतोय की थांबलाय, हे बघायची काही सोय आहे का?

दूरसंवेदी | सोमवार, संध्याकाळी ५.३५

अवरक्त चित्रात नाही, ते वर आलंच. पण व्हिअर्सला 'डे-नाइट बँड' आहे, तो चांदण्यात बघू शकतो. चंद्र मोठा असताना, पौर्णिमेच्या आगेमागे काही रात्री, धुराचा पडदा त्यात करडा दिसतो आणि वणव्याची कड जळत्या वातीसारखी उजळ. रात्री दीडच्या सुमाराचं चित्र बघा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, ती आपल्या घड्याळाला जुळवून घ्या, तारीख बदलते तिथे फार जण चुकतात. सध्या शुक्ल पक्षातली एकादशी आहे, म्हणजे आज रात्री उजेड पुरेसा असेल. चित्र मिळालं तर इथे वर्णन टाका, मीही बघतो.